पाच सेकंदांनंतरचा प्रेक्षक : जाहिरातपटाच्या कलेचा परिचय

कथापट किंवा नाटक यांचा प्रेक्षक काही पाहायचे ठरवून आलेला असतो. जाहिरातपटाचा प्रेक्षक मात्र दुसरेच काही पाहत असताना मध्येच गाठलेला असतो, आणि या एका फरकातून त्या कलेचे जवळजवळ सर्व नियम निघतात. जाहिरातपट म्हणजे एखादी वस्तू, सेवा किंवा विचार लोकांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेली, सहा सेकंदांपासून दोन-तीन मिनिटांपर्यंतची ध्वनिचित्रफीत. व्यवसायात तिला ‘ॲड फिल्म’ म्हणतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर तीच ‘रील’ किंवा नुसता ‘व्हिडिओ’ होते. नावे बदलली तरी कसोटी एकच राहते : ज्याने आपल्याला बोलावलेले नाही, त्याच्या वेळेचे काही क्षण मागून घ्यायचे आणि ते सार्थकी लावून दाखवायचे. मराठीत सिनेमाच्या कलेवर विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने या लहान रूपाकडे अभ्यासाचा विषय म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही, आणि ही उणीव खरोखरच खटकणारी आहे, कारण चित्रमाध्यमाची काटकसर जितकी येथे शिकायला मिळते तितकी अन्यत्र क्वचितच मिळते.

लक्ष वेधणे आणि लक्ष टिकवणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण या कलेतील बहुतेक अपयशे या दोहोंच्या गल्लतीतून जन्मतात. अचानक आवाज झाला, प्रकाश चमकला किंवा कडेला काही हलले, की प्राण्याची मान आपोआप तिकडे वळते. रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी या प्रतिक्रियेला ‘हे काय आहे?’ प्रतिक्षेप असे म्हटले होते. तिच्यावर मनाचा ताबा नसतो, आणि म्हणूनच ती मिळवणे सोपे असते : मोठा आवाज, झटपट बदलणारी दृश्ये, भडक अक्षरे एवढे पुरते. परंतु तीच उत्तेजना पुन्हा पुन्हा मिळाली की प्रतिसाद क्षीण होत जातो, मेंदू तिला सरावतो, आणि तिसऱ्या-चौथ्या धक्क्यानंतर मान वळायची थांबते. सबंध चित्रफीत अशा धक्क्यांवर रचणारा दिग्दर्शक प्रेक्षकाला थकवतो, आणि थकलेला प्रेक्षक निघून जातो. टिकणारे लक्ष प्रेक्षक स्वेच्छेने देतो, आणि पुढे काय होणार हे जाणून घेण्याची इच्छा त्याच्या मनात उभी राहिली तरच देतो.

या इच्छेचे सामर्थ्य महाराष्ट्रातील चित्रपटाच्या आद्य प्रवर्तकाने फार लवकर ओळखले होते. इंग्लंडहून परतल्यावर चित्रपटनिर्मितीसाठी भांडवल उभे करण्याच्या खटपटीत असताना, १९१२ साली, दादासाहेब फाळके यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने एकेक चौकट टिपत कॅमेऱ्यात साठवली, आणि जवळजवळ महिनाभराची ती वाढ मिनिटभराच्या फितीत उलगडून दाखवली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ती फीत पाहिल्यानंतर छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी त्यांना कर्जाऊ रक्कम देऊ केली, आणि त्या उद्योगाची परिणती ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये झाली. त्या फितीत काही विकायला नव्हते असे वरवर वाटते. वस्तुतः तिने एक संपूर्ण माध्यम विकले. फाळके यांनी या माध्यमाचे गुणगान करणारे शब्द पडद्यावर आणले नाहीत. डोळ्यांना एरवी कधीच न दिसणारी गोष्ट त्यांनी दाखवली, आणि पुढे कोंब किती वर जाणार, पान कधी फुटणार, या कुतूहलावर पाहणाऱ्याला शेवटपर्यंत धरून ठेवले. वस्तूची शक्ती वस्तूकडूनच सिद्ध करून घेणाऱ्या जाहिरातपटाला आज प्रात्यक्षिक किंवा ‘डेमो फिल्म’ म्हणतात, आणि भारतात तिचे मूळ या कुंडीपर्यंत नेता येते.

त्यानंतरची अनेक दशके जाहिरातपटाला प्रेक्षकाची चिंता करावी लागली नाही. चित्रपटगृहातला प्रेक्षक तिकीट काढून अंधारात बसलेला असे आणि मुख्य चित्रपटापूर्वी जे दाखवले जाई ते पाहण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. मुंबईत १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर यांनी स्थापन केलेल्या विको कंपनीच्या टूथपेस्टच्या आणि हळदीच्या क्रीमच्या जाहिराती एका पिढीला तोंडपाठ झाल्या, त्यामागे त्यांच्या चालीची पकड होती आणि पुनरावृत्तीचीही होती. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीची व्यापारी सेवा मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून सुरू झाली आणि ‘जिंगल’ हा, वस्तूचे नाव सुरात गुंफणारा काही सेकंदांचा गीतप्रकार घराघरांत पोहोचला. अशोक पत्की यांच्यासारख्या मराठी संगीतकाराने त्या प्रकारात असंख्य रचना केल्या, आणि इतक्या थोड्या अवधीत चालीला मुखडा, ओळख आणि समाप्ती देण्याची जी शिस्त या कामाला लागते तिची कल्पना त्या रचनांवरून येते. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनने जाहिराती स्वीकारायला आरंभ केला. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले, पुढे उपग्रहवाहिन्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर घराघरांत रिमोट आला. रिमोटने प्रेक्षकाला प्रथमच नकार देण्याचे साधन दिले.

एकाच वाहिनीच्या त्या काळातही काही जाहिरातपट असे निघाले, की त्यांच्यासमोर प्रेक्षक सक्तीने बसलेला होता हे आज त्यांच्याकडे पाहताना जाणवत नाही. १९८०च्या दशकात, अहमदाबादच्या निरमा या स्वस्त धुण्याच्या पावडरीपुढे सर्फची महाग पावडर टिकवण्याचे काम लिंटास या जाहिरातसंस्थेकडे आले, आणि ॲलिक पदमसी यांच्या नेतृत्वाखाली ललिताजी हे पात्र घडले, जे कविता चौधरी यांनी साकारले. पैशापैशाचा हिशेब ठेवूनही दर्जाशी तडजोड न करणाऱ्या आपल्या आईवरून हे पात्र सुचल्याचे पदमसी यांनी सांगितले आहे. या जाहिरातीची रचना पाहण्यासारखी आहे : पडद्याबाहेरचा एक आवाज ललिताजींना तोच प्रश्न विचारतो, जो घरी बसलेल्या गृहिणीच्या मनात असतो, म्हणजे स्वस्त पावडर मिळत असताना महाग का घ्यावी. आक्षेप झाकून न ठेवता तो प्रेक्षकाच्या बाजूने आधी मोठ्याने मांडल्यामुळे उत्तर ऐकण्याची गरज आपोआप निर्माण होते. हे तंत्र आजही जवळजवळ प्रत्येक चांगल्या विक्रीपर चित्रफितीच्या मुळाशी सापडते, आणि तरीही नवखे निर्माते त्यालाच सर्वाधिक घाबरतात. ग्राहकाची शंका आपण उच्चारली तर ती बळावेल अशी त्यांची समजूत असते, प्रत्यक्षात न उच्चारलेली शंकाच त्याला उठून जायला लावते.

कुतूहल कसे निर्माण होते याचे एक विवेचन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टीन यांनी १९९४ साली केले. त्यांच्या मते आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक असावेसे वाटते, त्या दोहोंमधील अंतराची जाणीव म्हणजे कुतूहल. आणि ही जाणीव होण्यासाठी थोडे तरी आधी ठाऊक असावे लागते. जाहिरातपटाच्या दृष्टीने यातील उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. केवळ गूढ दृश्य दाखवून कुतूहल वाढत नाही. प्रेक्षकाला परिस्थिती लगेच ओळखता आली पाहिजे आणि तिच्यात एकच गोष्ट जुळत नसली पाहिजे. फेविकॉलच्या ‘बस’ या गाजलेल्या जाहिरातीत, जिचे दिग्दर्शन प्रसून पांडे यांनी केले, हे तत्त्व विलक्षण स्वच्छपणे दिसते. वाळवंटातल्या खडबडीत रस्त्यावरून माणसांनी ओसंडून गेलेले वाहन चालले आहे. टपावर, बाजूंना, मागे, जिथे हात पोहोचेल तिथे माणसे लटकली आहेत. भारतीय प्रेक्षकाला हे दृश्य क्षणात ओळखता येते. मग धक्के बसतात, वाहन हेलकावे खाते आणि कोणीही पडत नाही. का पडत नाही, हा प्रश्न प्रत्येक धक्क्यागणिक अधिक टोकदार होत जातो, आणि वाहनाची मागची बाजू दिसताच तिथल्या फलकावर चिकटद्रव्याचे नाव वाचून त्याचे उत्तर मिळते. एकही संवाद नसताना वस्तूचा गुण, म्हणजे चिकटून राहणे, हाच कथेचा विषय झालेला आहे. वस्तूचे नाव काढून टाकले तर कथा अपुरी राहते. जाहिरातपटाच्या रचनेची ही सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणावी लागेल.

या परीक्षेला उतरणारे दुसरे मोठे उदाहरण स्वीडनमधील व्होल्वो ट्रक्स या कंपनीचे आहे, आणि ते विशेष विचारात घेण्याजोगे आहे, कारण तिथे विकायची वस्तू सामान्य प्रेक्षकाच्या आयुष्यात कधीच येत नाही. अवजड ट्रकचे चाक वळवण्याची नवी, अतिशय अचूक यंत्रणा हा त्या मोहिमेचा विषय होता. तिची तांत्रिक माहिती देणारी फीत वाहतूक व्यावसायिकांनीही शेवटपर्यंत पाहिली असती की नाही, याची शंकाच आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फोर्समन अँड बोडेनफोर्स या संस्थेने रचलेल्या आणि आंद्रेआस निल्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या जाहिरातपटात अभिनेते जाँ-क्लोद व्हान डाम डोळे मिटून, हात बांधून उभे दिसतात. कॅमेरा सावकाश मागे सरकतो आणि त्यांचा एकेक पाय मागच्या दिशेने धावणाऱ्या दोन ट्रकांच्या आरशांवर टेकलेला आहे हे उघड होते. मग ते दोन ट्रक हळूहळू एकमेकांपासून दूर जातात आणि पाय पूर्णपणे फाकले जातात. सूर्योदयाच्या प्रकाशात, कुठेही न तोडता, एकाच दृश्यखंडात हे घडते. झटपट दृश्यबदल म्हणजेच पकड, असे मानणाऱ्यांनी या फितीचा अभ्यास करावा. येथे एकही कट नाही, कारण एक कट जरी असता तरी प्रेक्षकाला कारागिरीचा संशय आला असता आणि प्रात्यक्षिकाचा सारा पुरावा कोसळला असता. तणाव वेगातून आलेला नाही. ट्रक जरा जरी डगमगला तर माणूस पडेल, या स्पष्ट धोक्यातून तो आला आहे, आणि ट्रक न डगमगणे हाच विक्रीचा मुद्दा आहे.

व्हान डाम यांच्यासारखा प्रसिद्ध चेहरा वापरण्यात एक धोकाही असतो. जाहिरातव्यवसायात त्याला ‘व्हॅम्पायर इफेक्ट’ म्हणतात : तारा किंवा विनोद प्रेक्षकाचे सारे लक्ष शोषून घेतो आणि वस्तू रिकाम्या हाताने परतते. प्रेक्षक दुसऱ्या दिवशी जाहिरातीतला प्रसंग रंगवून सांगतो, पण ती कोणत्या कंपनीची होती हे त्याला आठवत नाही. लक्ष टिकवणे हे ध्येय एकट्याने घेतले की कला नेमकी या दरीत घसरते, आणि आजच्या आकडेवारीच्या काळात हे वारंवार घडताना दिसते, कारण किती जणांनी किती सेकंद पाहिले हे मोजता येते, परंतु कोणाच्या मनात काय शिल्लक राहिले हे तितक्या सहज मोजता येत नाही.

निर्मितीची प्रक्रिया पाहिली, की इतक्या लहान फितीमागची शिस्त ध्यानात येते. आरंभ ‘ब्रीफ’पासून होतो, ब्रीफ म्हणजे ग्राहककंपनीने एजन्सीला, म्हणजे जाहिरातसंस्थेला, दिलेले लेखी मागणीपत्र, ज्यात कोणाशी बोलायचे, त्याला आज काय वाटते आणि फीत पाहून काय वाटावे, हे नमूद असते. चांगल्या ब्रीफमध्ये सांगायची गोष्ट एकच असते. तीस सेकंदांत सावकाश उच्चारलेले साठेकच शब्द मावतात, आणि त्यात पाच गुण कोंबायचे ठरवले तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा शब्द येतात. तरीही कंपनीच्या बैठकीत प्रत्येक विभागाला आपला मुद्दा आत हवा असतो, आणि अनेक जाहिरातपट कॅमेरा सुरू होण्यापूर्वी या टेबलावरच मरतात. पुढे स्क्रिप्ट आणि स्टोरीबोर्ड तयार होतो. स्टोरीबोर्ड म्हणजे प्रत्येक दृश्याचे चौकटीमागून चौकट काढलेले रेखाटन. चित्रीकरणापूर्वीच्या बैठकीत, जिला ‘पीपीएम’ म्हणतात, कलाकारांपासून भिंतीच्या रंगापर्यंत सारे निश्चित केले जाते, कारण सेटवर एका दिवसाचा खर्च मोठा असतो. शेवटी येणारे वस्तूचे एकटे, नीट प्रकाशलेले दृश्य म्हणजे ‘पॅक शॉट’. खाद्यपदार्थ आणि पेये यांच्यासाठी ‘टेबल टॉप’ हे स्वतंत्र कौशल्य मानले जाते, ज्यात ओतल्या जाणाऱ्या दुधाची धार किंवा तुटणारे बिस्किट अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपून ते मंद गतीने दाखवतात. संकलनात सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने तीस सेकंदांच्या ७५० चौकटी हाती असतात, आणि संकलक दोन चौकटींसाठी भांडतो, कारण एखादी नजर दोन चौकटी आधी तुटली तर विनोद बसत नाही.

संकलनापूर्वीच चित्रीकरणाची पद्धत कल्पनेतून कशी उगवते हे व्होडाफोनच्या ‘झूझू’ मालिकेत दिसते. २००९ साली आयपीएलचे सामने दक्षिण आफ्रिकेत झाले तेव्हा एकाच स्पर्धेत तीच जाहिरात प्रेक्षकाला शंभर वेळा दिसून नकोशी होईल, ही अडचण ओगिल्व्ही या संस्थेपुढे होती. उत्तर म्हणून एकाच विश्वातल्या सुमारे तीस लहान जाहिराती केपटाऊनमध्ये चित्रित झाल्या. अंड्याच्या आकाराच्या डोक्याची ती पांढरी पात्रे संगणकावर काढलेली आहेत असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात पांढऱ्या पोशाखातली माणसेच होती, आणि दिग्दर्शक प्रकाश वर्मा यांनी कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवल्यामुळे त्यांच्या हालचालींना तो तुटक, जलद ठेका आला. प्रत्येक जाहिरातीत फोनची एकच सेवा, एकच छोटा प्रसंग आणि ओळखीचे पात्र होते. त्यामुळे आज कोणती नवी येणार याची वाट पाहिली जाऊ लागली. नकोशा पाहुण्याने ही जागा मिळवावी, हे या कलेतले दुर्मीळ यश आहे.

ध्वनीचे स्थानही येथे वेगळे आहे. दूरचित्रवाणीच्या काळात जाहिराती सुरू झाल्या की माणसे उठून जात, पण कान खोलीतच राहत, आणि म्हणून वस्तूची ओळख एखाद्या सुरावटीला बांधून ठेवण्याचा प्रघात पडला. टायटन घड्याळांनी मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतील सुरावट आपलीशी केली ती याच कारणाने. पुढे त्या सुरावटीची मांडणी प्रसंगाप्रसंगाने बदलली, परंतु दोन स्वरांतच घड्याळाचे नाव आठवावे ही सोय कायम राहिली. वारंवार पालटणाऱ्या मोहिमांच्या आजच्या सवयीत असे संचित साठत नाही, आणि हे नुकसान बहुतेक कंपन्यांना कळतही नाही.

जाहिरातपटाच्या अर्थकारणात सर्वांत खोल बदल २०१०च्या अखेरीस झाला. यूट्यूबने अशी जाहिरात आणली, की पाच सेकंदांनंतर प्रेक्षक ती बटण दाबून वगळू शकतो, आणि त्याने तीस सेकंद किंवा, फीत त्याहून लहान असल्यास, ती पूर्ण पाहिली अथवा तिच्यावर काही कृती केली, तरच जाहिरातदाराला पैसे द्यावे लागतात. याचा अर्थ, पहिली पाच सेकंदे फुकट, पण त्यानंतरचा प्रत्येक प्रेक्षक स्वखुशीने थांबलेला. पारंपरिक जाहिरातपटाचा आराखडा उलट होता : सुरुवातीला वातावरण, मध्ये प्रसंग, शेवटी नाव. तो जसाच्या तसा येथे आणला, की नाव येण्यापूर्वीच प्रेक्षक निघून जातो. यावर अमेरिकेतील गाइको या विमाकंपनीसाठी मार्टिन एजन्सीने २०१५ साली काढलेला मार्ग अत्यंत बुद्धिमान होता. जेवणाच्या टेबलाभोवतीचे कुटुंब पहिल्या पाच सेकंदांतच सारा संदेश बोलून मोकळे होते आणि निवेदक सांगतो, की ही जाहिरात वगळता येणार नाही, कारण ती संपलेली आहे. मग सगळी पात्रे गोठल्यासारखी स्तब्ध राहतात, आणि घरातला मोठा कुत्रा टेबलावर चढून त्यांच्या ताटांतले अन्न फस्त करू लागतो. विकण्याचे काम उरकलेले असताना प्रेक्षक केवळ पुढे काय होते हे पाहण्यासाठी थांबतो, आणि कंपनीचे नाव त्या सर्व वेळात पडद्यावर असते. त्या वर्षी कान येथील जाहिरातमहोत्सवात या मालिकेला ‘फिल्म’ विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

मोबाइलच्या पडद्याने आणखी काही अटी घातल्या. उभ्या पडद्याचे प्रमाण ९:१६ असते, त्यामुळे आडव्या पडद्यावर शेजारी-शेजारी बसणारी दोन माणसे येथे मावत नाहीत. त्यांना मागेपुढे किंवा वरखाली मांडावे लागते, आणि पडद्याच्या खालच्या व उजव्या बाजूला बटणे व नावे येत असल्यामुळे तिथे महत्त्वाचे काही ठेवता येत नाही. लोकलमध्ये किंवा कार्यालयात पाहणारा आवाज बंद ठेवतो, म्हणून अर्थ चित्रातून आणि पडद्यावरच्या अक्षरांतून पोहोचला पाहिजे. देवनागरीसाठी ही बाब अधिक काळजीची आहे : वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांना ओळींमध्ये पुरेशी मोकळी जागा हवी असते, बारीक टंकात जोडाक्षरे भरून जातात, आणि लॅटिन अक्षरांसाठी आखलेल्या साच्यात मराठी ओळ ओतली की ती वाचण्यातच प्रेक्षकाचे दोन सेकंद जातात. एका वेळी दोनच ओळी, मोठे अक्षर आणि चित्रातील हालचालीपासून दूर नसलेली जागा, ही साधी पथ्ये पाळणाऱ्या फिती अजूनही मोजक्याच आहेत.

या माध्यमाने निर्मात्याला एक नवे साधनही दिले. कोणत्या सेकंदाला किती प्रेक्षक उरले हे दाखवणारा आलेख, ज्याला ‘रिटेन्शन ग्राफ’ म्हणतात, आता प्रत्येकाला उपलब्ध आहे. आरंभी तो सर्वत्र उतरतो, ते स्वाभाविक आहे. अर्थपूर्ण असतात त्या मधल्या पायऱ्या. एखाद्या ठिकाणी अचानक घसरण दिसली, तर तिथे बहुधा प्रश्नाचे उत्तर देऊन झालेले असते आणि नवा प्रश्न उभा केलेला नसतो, किंवा कथा थांबवून कंपनीची थोरवी सुरू झालेली असते. उंचवटा दिसला, तर तिथे लोकांनी मागे जाऊन पुन्हा पाहिलेले असते. संकलकाने हा आलेख वैद्याने नाडी पाहावी तसा पाहावा. परंतु त्याच्या आहारी जाऊन प्रत्येक शांत क्षण कापून टाकणे घातक ठरते, कारण व्होल्वोच्या फितीत पहिली काही सेकंदे फक्त एक चेहरा दिसतो, आणि त्याच शांततेवर पुढचे सारे उभे आहे.

हे सर्व मोठ्या भांडवलाचे खेळ आहेत असे मानण्याचे कारण नाही. मायकेल डुबिन यांनी २०१२ साली आपल्या दाढीच्या पात्यांच्या कंपनीसाठी सुमारे साडेचार हजार डॉलरमध्ये गोदामातच केलेल्या फितीने दोन दिवसांत बारा हजारांच्या आसपास ग्राहक मिळवून दिले होते. महाराष्ट्रातल्या एखाद्या लहान उत्पादकाच्या हातात याहूनही समृद्ध सामग्री असते. येवल्याच्या पैठणीचा विचार करावा. हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदरातील नक्षी बाण्याचे रंगीत धागे एकमेकांत गुंतवून विणली जात असल्यामुळे मागून-पुढून जवळजवळ सारखी दिसते, तर यंत्रमागावरच्या नकलेच्या मागच्या बाजूला तुटक, लोंबणारे धागे आढळतात. बहुतेक विक्रेत्यांच्या फितीत दुकान, दिवे, दागिन्यांनी नटलेली तरुणी आणि परंपरेचा गौरव असतो, आणि पाहणारा तिसऱ्या सेकंदाला अंगठा सरकवतो, कारण त्याला ठाऊक नसलेले काहीही त्यात नसते. त्याऐवजी पहिल्या चौकटीत पदरावर विणलेले दोन मोर शेजारी दिसावेत, एक हातमागाचा आणि एक यंत्रमागाचा, आणि यातला अस्सल कोणता एवढाच प्रश्न मोठ्या अक्षरांत यावा. समोरून ते ओळखता येत नाही. मग विणकराचे हात, मोराच्या मानेसाठी बदलला जाणारा हिरवा धागा, एका दिवसात विणून होणाऱ्या पदराची तोकडी लांबी दाखवणारी, मागाजवळ धरलेली पट्टी, असे तपशील येत राहावेत, पण उत्तर राखून ठेवले जावे. शेवटी दोन्ही पदर एकाच हाताने, एकाच दृश्यात, न तोडता उलटले जावेत. किंमत का जास्त आहे हा ग्राहकाचा खरा आक्षेप त्या एका उलटण्यात मिटतो, आणि पुढच्या वेळी कोणत्याही दुकानात तो स्वतः पदर उलटून पाहील, म्हणजे फितीने त्याला वस्तूइतकीच उपयोगी अशी पारखही दिलेली असेल. चाळीस सेकंद पुरे आहेत. खिडकीचा प्रकाश आणि स्थिर ठेवलेला मोबाइल पुरे आहे. पुरेसा नसतो तो विणकराकडे बसून ऐकण्याचा धीर, आणि तो विकत मिळत नाही.

प्रात्यक्षिक खरे असले पाहिजे, हे वेगळे सांगण्याची गरज पडावी हे दुर्दैव आहे. १९८५ साली स्थापन झालेली भारतीय जाहिरात मानक परिषद ही व्यवसायाची स्वनियामक संस्था असून २०२१ पासून तिने समाजमाध्यमांवर पैसे घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले आहे; ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत, दंड होऊ शकतो.

मराठी प्रेक्षकापर्यंत पोहोचणाऱ्या जाहिरातपटांचा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न लेखनाचा आहे. देशभर चालणाऱ्या मोहिमा बहुधा हिंदीत लिहिल्या जातात आणि मग ओठांच्या हालचालींना जुळवत मराठीत ओतल्या जातात. ओठ मिटतात तिथे ओष्ठ्य व्यंजन यावे, वाक्य तेवढ्याच चौकटींत संपावे, अशा अटींत मराठी वाक्याचा नैसर्गिक क्रम मोडतो, आणि नाशिकची आई कोणत्याही गावच्या आईसारखी बोलत नाही. प्रेक्षकाला यातली चूक दाखवता येत नसेल, पण हे आपल्याशी बोलणे नव्हे हे त्याला तत्क्षणी उमगते, आणि ज्या पाच सेकंदांसाठी एवढा खटाटोप केला ती तिथेच वाया जातात. उपाय खर्चिक नाहीत. मूळ ब्रीफ मराठी लेखकाला स्क्रिप्ट पक्की होण्यापूर्वी द्यावी, संवादाची दृश्ये चित्रीकरणाच्या त्याच दिवशी मराठी कलाकाराकडून पुन्हा करून घ्यावीत, आणि ते शक्य नसेल तेथे बोलणारे ओठ दाखवणारी दृश्ये टाळून, म्हणजे हात, पाठमोरी माणसे आणि वस्तू दाखवून, मराठी निवेदन स्वतंत्रपणे लिहावे. कोल्हापूरच्या दुकानदाराला कोल्हापूरचे आणि अमरावतीच्या शेतकऱ्याला वऱ्हाडातले बोलणे देणाऱ्या स्थानिक निर्मात्यांच्या साध्या फिती अनेकदा मोठ्या मोहिमांपेक्षा अधिक वेळ पाहिल्या जातात, आणि त्यामागचे कारण शोधायला आलेखाची गरज पडत नाही : त्या फितीतला माणूस पहिल्याच वाक्यात ओळखीचा निघतो.